तळ्यावरच्या हिरव्या फांद्या

बोस्टन, ६ जानेवारी १८८७

प्रिय आजीस सप्रेम नमस्कार.

हे पत्र नेहमीप्रमाणे मिस प्रूडेन्स तुला वाचून दाखवत असणार, म्हणून आधी त्यांना नमस्कार आणि मग तुला. रागावू नकोस. वाचणाऱ्याला खूश ठेवलं नाही, तर चांगली चांगली वाक्यं गाळली जातात!

बातमी अशी, की एल्नाथन विंगेट यांचं चरित्र लिहायचं काम प्रकाशकांनी मला दिलं आहे. ज्यांची ‘भावाची वाट’ देशभरच्या शाळांत पोरं उभी राहून म्हणतात, त्या कवीच्या शेजारी माझी आजी सगळा जन्म राहिली, हे कळल्यावर ते म्हणाले, मग दुसरा कोण लिहिणार! आणि कवीची लेकच आमची पत्रं लिहून देते म्हटल्यावर तर खुर्चीतून उठून त्यांनी माझा हात हातात घेतला.

तर आजी, मला सगळं सांग. ते काय खायचे, कुणावर चिडायचे. आणि मुख्य म्हणजे १८३७ सालच्या ९ फेब्रुवारीची ती संध्याकाळ. कविता पाठच आहे. आई आजारी, धाकटा भाऊ एसा डॉक्टरला आणायला गोठलेल्या तळ्यावरून निघाला, हिमवादळ सुटलं, थोरला, म्हणजे कवी स्वतः, काठावर कंदील हलवत राहिला आणि बर्फ फुटला. पण वादळ सुटलं किती वाजता? तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस, गावातच होतीस.

यंदा त्याला पन्नास वर्षं होतात. स्मारक मंडळानं ठरवलंय, की ९ तारखेला दिवेलागणीला चाळीसेक माणसं कंदील घेऊन एसाच्याच वाटेनं तळं ओलांडतील. गिरणीच्या दारापासून सरळ चर्चच्या मनोऱ्याच्या रोखानं. सर्वांत पुढे मी. तू खिडकीतून बघ.

तुझा,
ओरिन


नॉर्थ आल्डन, १२ जानेवारी १८८७
(प्रूडेन्स विंगेटच्या हस्ते)

चि. ओरिनला आशीर्वाद.

तुझं पत्र प्रूनं दोनदा वाचलं. एकदा मला ऐकू येईल असं आणि एकदा स्वतःशी, नुसते ओठ हलवत.

तुमच्या बोस्टनात कामाची एवढी टंचाई आहे का रे, की मेलेल्या माणसाच्या न्याहारीची चौकशी करायला तुला नेमलंय? घे लिहून. ॲपल-पाय. रोज सकाळी. थंडगार, वर चीजचा तुकडा. लाकडं फोडायला पाठवलं तर कुऱ्हाड हातात धरून आभाळाकडे बघत उभा राहायचा, तोवर एसा येऊन अर्धा ढीग फोडून मोकळा व्हायचा. (प्रू विचारते, हे लिहू का? लिही गं. तुझा बाप होता, तसा माझा शेजारीही होता.)

पुढे दाढी वाढवली, शहरोशहरी व्याख्यानं दिली. पोर्टलंड, न्यूयॉर्क, सगळीकडे बायका रुमाल ओले करायच्या. पण हिवाळ्याला घरी हजर. घरात बारमाही हिरव्या स्प्रूसची एक डहाळी येऊ द्यायचा नाही. हल्ली नाताळात गावभर हिरवी तोरणं लागतात, पण यांचं दार बोडकं ते बोडकंच. वास सोसत नाही म्हणायचा. तळ्यावर कधी पाऊल ठेवलं नाही. चर्चला जायचं तर तीन मैलांचा वळसा घालून रस्त्यानं. देवाच्या घरी जाताना एवढा लांबचा रस्ता कवीनंच धरावा.

वादळाचं विचारतोस. कवितेत आहे ना? मग असेल. एवढ्या पोरांनी पाठ केलेलं वादळ मी एकटी म्हातारी कुठे थांबवणार?

पण तू तळ्यावरून जाऊ नकोस. रस्ता आहे, रस्त्यानं ये. लहानपणी तू कोरड्या अंगणातसुद्धा पडायचास. प्रू विचारते, चाळीस माणसं जाणार तर धोका कसला? तिला म्हटलं, पुढचं लिही. ती म्हणते, पुढचं काय? पुढचं काही नाही.

खुबा मोडल्यापासून खुर्ची आणि खिडकी एवढंच माझं राज्य. खिडकीतून तळं दिसतं, हाच काय तो त्रास.

आजी


बोस्टन, १८ जानेवारी १८८७

प्रिय आजीस,

मिस प्रूडेन्स, हे तुम्ही वाचत असाल, तर आधीच माफी मागतो. पण चरित्र लिहायचं म्हणजे विचारावं लागतंच.

आपल्या गावच्या जुन्या पाद्रीबुवांची रोजनिशी मला इथल्या एका ग्रंथालयात सापडली. १८३७, ८ फेब्रुवारी: “गिरणीसमोर बर्फकापणी चालू.” आणि ९ फेब्रुवारी: “आभाळ स्वच्छ. वारा नाही. चंद्र लवकर उगवला. संध्याकाळी एसा विंगेट तळ्यात गेला.”

आजी, वादळ नव्हतंच!

आणि कापणी चालू होती, तर फांद्या कुठे होत्या? आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की उन्हाळ्यासाठी बर्फाच्या लाद्या कापून पाणी उघडं पडलं की कापणाऱ्यांनी भोवती स्प्रूसच्या हिरव्या फांद्या रोवायच्याच. रात्रीतून त्या पाण्यावर पातळ साय धरते आणि ती पक्क्या बर्फासारखीच दिसते. फांदी दिसली की शहाणा माणूस वळतो. एसा त्या तळ्याच्या काठी वाढलेला. तो सरळ कसा गेला?

मला राहून राहून कवितेतल्या या दोन ओळी आठवतात:

बर्फातून उगवल्या हिरव्या डहाळ्या
जिथं भावानं माझ्या पाऊल टाकलं.

सगळे म्हणतात, ही कवीची कल्पना. मृत्यूतून फुटलेली पालवी. मीही तसंच लिहिणार होतो. आता कळेना झालंय. तुला काही माहीत असेल तर सांग. मला सुचेनासं झालंय.

ओरिन


नॉर्थ आल्डन, २४ जानेवारी १८८७
(प्रूडेन्स विंगेटच्या हस्ते)

प्रिय ओरिन यास,

तुझे पत्र मिळाले. त्या संध्याकाळी सुरुवातीस आभाळ स्वच्छ असले, तरी नंतर वारा सुटला असावा. पाद्रीबुवा घरात होते, त्यांना ते कळले नसेल. फांद्यांविषयी मला काहीही आठवत नाही. वयोमानाप्रमाणे स्मरण राहत नाही. कवितेत जे लिहिले आहे, तेच चरित्रात यावे, असे वाटते. समारंभाची तयारी उत्तम चालू आहे. सर्वांनी अवश्य यावे.

कळावे,
मेहिटाबेल ट्रॅस्क


बोस्टन, २९ जानेवारी १८८७

प्रिय आजीस,

तुझं पत्र वाचून घाबरलो. पत्रभर एक टोमणा नाही! ताप आहे का तुला? बर्फवाल्या सायलस गुडह्यूला सांगून डॉक्टर बोलाव.

फांद्यांचं तुला काही आठवत नाही म्हणतेस, तर तो विषय मी सोडतो. नंतर वारा सुटला असेलही. प्रकाशकही म्हणाले, वादळ काढून टाकलंत तर उरलं काय?

समारंभाची एक गंमत ऐक. कवितेतल्या डहाळ्यांवरून मी मंडळाच्या चिटणीसांना, मिस्टर ड्विनेलना, सुचवलं, की चालता चालता प्रत्येकानं तळ्यावरच्या फांद्यांची टोकाची एकेक डहाळी आठवण म्हणून मोडून घ्यावी. त्यांना इतकं आवडलं, की निमंत्रणातच छापलं. शहरातल्या बायका तर आत्तापासून विचारताहेत, ती वहीत दाबली तर किती दिवस हिरवी राहते.

उद्या मी निघतोय. पोर्टलंड आणि आणखी दोन-तीन गावी त्यांची जुनी पत्रं बघायची आहेत. तिथूनच ९ तारखेला दुपारच्या गाडीनं थेट गिरणीवर येईन. मध्ये लिहिलंस तर पत्र मला मिळणार नाही.

तुझा,
ओरिन


नॉर्थ आल्डन, ३ फेब्रुवारी १८८७
(सायलस गुडह्यूच्या हस्ते. शुद्धलेखनाची जबाबदारी माझी नाही, मी बर्फ कापतो.)

चि. ओरिन,

तू बोस्टनला नाहीस, हे माहीत आहे. तरी तिथंच धाडतेय. कुणी दयाळू माणसानं पुढे पाठवलं तर पाठवलं. हे सायलस लिहितोय, बर्फकापणीचा मुकादम. अक्षर करवतीनं काढल्यासारखं आहे, पण मी म्हणेन तेच लिहील.

तुझं २९ तारखेचं पत्र काल प्रू वाचत होती. “फांद्यांचं तुला काही आठवत नाही म्हणतेस,” असं वाचलं आणि थांबली. मी म्हटलं, मी असं कधी म्हटलं गं? मी तुला स्पष्ट सांगितलं होतं, प्रू, लिही, आभाळ निरभ्र होतं आणि फांद्या कुणीतरी काढल्या होत्या.  तिनं पत्र घडी करून माझ्या मांडीवर ठेवलं आणि निघून गेली. ते वाक्य तिला गाळता आलं असतं रे, मला काय कळणार होतं? गाळलं नाही. एवढ्यावरून मी तिला अजून आपली म्हणते.

आता ऐक. पन्नास वर्षं जी जीभ सगळ्या गावाला टोचत आली, ती एका गोष्टीपुरती तोंडात बांधून ठेवली होती.

फांद्या एल्नाथननं काढल्या. माझ्यासाठी.

त्या दुपारी तो बापाची बर्फावरची घसरगाडी घेऊन आला. टेकडीपलीकडे तरण्या पोरांची संध्याकाळची गाण्याची शाळा भरायची, तिथं मला नेणार होता. मी दारात उभी राहून नाक मुरडलं. म्हटलं, “ही गाडी? शेजारच्या लिडियाला न्यायला आला त्यानं गाडी हिरवीगार सजवली होती. तुझी तर कोंबड्यांची खुराडी दिसते!” चेष्टा होती. मी कुणाला सोडत नव्हते तेव्हाही. रानात कमरेएवढा बर्फ, तिथं कुठे जाणार तो? तळ्यावर बारा फांद्या आयत्या रोवलेल्या. अर्ध्या तासात गाडी सजवून परत आला. बुंध्यांना बर्फ चिकटलेला होता. मी बघितला. “या कुठल्या रे?” विचारलं. “सकाळी परत रोवतो,” म्हणाला. मी बसले गाडीत. राणीसारखी बसले.

(सायलस लिहायचा थांबलाय. लिही रे. तुझे आजोबाच तेव्हा मुकादम होते. फांद्या रोवल्या नाहीत म्हणून गावानं त्यांनाच दोष दिला. ते गाव सोडून गेले, माहीत आहे ना तुला? — हो मावशी, माहीत आहे. लिहितोय.)

तिकडे त्यांच्या घरी आईला एकाएकी जास्त झालं आणि एसा डॉक्टरसाठी धावला. चंद्र होता. तळं स्वच्छ दिसत होतं. फांदी एकही नाही, म्हणजे कापलेलं नाही. तो सरळ गेला. काठावर कुणी कंदील हलवत नव्हतं, ओरिन. कंदील आमच्या गाडीला होता आणि गाडी टेकडीवर होती.

तिथं आम्हाला हाक ऐकू आली. एकदा, मग पुन्हा. घोडाही थांबला. एल्नाथन म्हणाला, “घुबड आहे.” मी म्हटलं, “हो, घुबडच.”

त्यानंतर त्यानं मला लग्नाचं कधी विचारलं नाही आणि मीही वाट बघितली नाही. त्यानं कविता लिहिली, मी तुझ्या आजोबांशी लग्न केलं. कवितेत त्यानं वादळ आणलं आणि त्याच्या मागे लपला. पण त्या डहाळ्या त्याच्याच्यानं लपवल्या नाहीत. बर्फातून डहाळी उगवत नाही, बाबा. ती कुणीतरी रोवलेली असते.

आणि आता तुम्ही चाळीस जण त्या मोडून न्यायला येताय! सायलस म्हणतो, यंदाची कापणी नेमकी गिरणीसमोरच, वाटेच्या मधोमध चालू आहे. पुढच्या दहांनी डहाळ्या नेल्या, की मागच्या तिसांना तिथं नुसता पांढरा बर्फ दिसेल. तो ड्विनेलला सांगून आला, दोर बांधतो. ड्विनेल म्हणाला, दोरानं देखावा बिघडेल.

उद्या प्रूला बोलावते आणि हे सगळं तिच्या तोंडावर सांगते. तुझ्यापर्यंत पत्र पोचणार नाही. ती पोचेल.

आजी

(मी आणि माझी माणसं तिथं असूच. पण आम्ही चार आणि हात चाळीसांचे. — सा. गु.)


बोस्टन, १२ फेब्रुवारी १८८७

प्रिय आजी,

वाटेत पोर्टलंडला थांबून काल रात्री परत आलो, तर दारात तुझं पत्र पडलेलं. तेव्हापासून अंगावरचा कोट काढलेला नाही.

मी तळ्यावर काय पाहिलं ते सांगतो, म्हणजे मी किती आंधळा होतो ते तुला कळेल. मी पुढे होतो. फांद्यांपाशी आलो आणि सर्वांत आधी मीच एक डहाळी मोडली. मोडली कसली, अख्खी फांदी उपटून आली. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे तुटून पडले. सायलसची माणसं ओरडत होती, लोकांना वाटलं तेही समारंभातलंच.

तेवढ्यात मिस प्रूडेन्स आल्या. काळा झगा, हातात कंदील, दुसऱ्या हातात स्प्रूसच्या फांद्यांचा भारा. मी फांदी उपटली होती, नेमक्या त्याच जागी त्या उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होत्या, “डावीकडून. इथून डावीकडून.” लोक वळून जात होते. एक गृहस्थ म्हणाले, काय सुंदर योजना आहे! एका बाईंनी त्यांच्या भाऱ्यातलीच डहाळी मोडून घेतली. मीही टोपी काढून नमस्कार केला आणि पुढे गेलो. चर्चमध्ये जेवण होतं, मग पाहुण्यांना शेवटच्या गाडीला पोचवायचं होतं. तुला न भेटताच आलो.

आता समजतं, त्या कुठे उभ्या होत्या ते. त्यांना सांग, मी येऊन त्यांचे पाय धरीन. आणि मला सांग, मी काय लिहू? प्रकाशक मार्चमध्ये पहिली प्रकरणं मागताहेत. वादळ ठेवू की काढू? जे त्या म्हणतील ते करीन.

मी मोडलेली डहाळी त्यांच्या वडिलांच्या कवितांच्या पुस्तकात ठेवली आहे. अजून हिरवी आहे. ती बघवत नाही आणि टाकवतही नाही.

ओरिन


नॉर्थ आल्डन, २० फेब्रुवारी १८८७
(सायलस गुडह्यूच्या हस्ते)

चि. ओरिन,

प्रूडेन्स गेली. मंगळवारी सकाळी, माझ्याच बिछान्यात.

तिला सगळं सांगितलं, त्या दिवशी ती हातमोज्यांची बटणं लावत-काढत बसली होती. शेवटी म्हणाली, “मावशी, इतकी वर्षं तुम्ही मला पत्रं सांगत आलात. हे एकदाही का नाही सांगितलंत?” म्हटलं, “लिहून घेणारी तूच होतीस ना.” मग उठून ड्विनेलकडे गेली. डहाळ्या मोडू देऊ नका म्हणाली. तो म्हणाला, कारण सांगा, निमंत्रणं छापून गेली आहेत. कारण तिला सांगता आलं नाही. बापाचं नाव मोडायचं नव्हतं आणि माणसंही बुडू द्यायची नव्हती. दोन्ही सांभाळायला उरली ती एकटी, म्हणून जाऊन उभी राहिली.

खिडकीतून मला फक्त दिवे दिसत होते. दिव्यांची ओळ सरळ येत होती आणि एका जागी वळत होती, ओढा दगडाला वळसा घालतो तशी. तो दगड कोण, मला माहीत होतं. सगळे दिवे एकेक करत चर्चला पोचले. एक मागे राहिला. तो निघाला, असं वाटलं. मग नव्हताच.

आणि हाक ऐकू आली. एकदाच.

या वेळी मी घुबड म्हटलं नाही, ओरिन. कुबडीनं खिडकीची काच फोडली आणि ओरडले. या वयात एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. सायलस परत रोवायला फांद्यांचे भारे आणायला पलीकडच्या काठाला गेला होता, तो धावला. आकडा लावलेला लांब दांडा टाकून तिला बाहेर ओढलं. (मी पोचेपर्यंत उशीर झाला होता मावशी. — उशीर तुला नाही झाला. मला झाला, पन्नास वर्षांचा. लिही.)

सहा दिवस फुप्फुसं जळत होती. पाचव्या दिवशी शुद्धीवर आली आणि म्हणते कशी, “मावशी, आज मी सांगते, तुम्ही लिहा.” म्हटलं, “अगं, मला कुठे येतं?” तर हसली. माझ्याकडून उचललेलं हसू होतं ते. म्हणाली, “म्हणूनच. तुम्ही काही बदलणार नाही.”

तर हे तिचं. मी डोक्यात लिहून ठेवलं, आता सायलसच्या हातात देते:

“ओरिनला सांगा, बाबा दर हिवाळ्यात दिवेलागणीला खिडकीशी उभे राहून तळ्यावरच्या फांद्या मोजायचे. बारापर्यंत, पुन्हा बारापर्यंत. मला वाटायचं, कवितेच्या मात्रा मोजताहेत. मी चाहूल न देता बसून राहायची. वादळ काढून टाका. कंदीलही काढा. कविता राहू द्या. तिच्या दोन ओळी खऱ्या आहेत. आणि २४ जानेवारीचं पत्र मेहिटाबेल मावशींचं नाही, माझं आहे, हेही छापा.”

एवढंच. तू विचारलंस ना काय लिहू, मग हे लिही. आणि तिच्या बापाचं नाव घालशील तिथं माझंही घाल. गाडीत मी बसले होते. लोक म्हणतील, म्हातारीला प्रसिद्धीची हौस. म्हणू देत. सायलसच्या आजोबांचंही नाव लिही, त्यांनी फांद्या रोवल्या होत्या म्हणून. मोजून बारा.

प्रूची शवपेटी अजून जमिनीत गेलेली नाही. माती दगडासारखी गोठली आहे, कुदळ उडते. टेकडीच्या पोटातल्या त्या खोलीत, हिवाळ्यात गेलेल्या इतरांबरोबर तिलाही ठेवलंय, जमीन सैल होईपर्यंत. बाप तीन वर्षांपूर्वी तिथंच थांबला होता. दार माझ्या खिडकीतून दिसतं. काच बदललीय, त्यामुळे जरा जास्तच स्वच्छ दिसतं.

एप्रिलमध्ये ये. पुस्तकात दाबलेली ती डहाळी घेऊन ये. प्रूला खाली उतरवू, तेव्हा ती तुझ्या हातानं तिथं रोव. रुजायची नाही, माहीत आहे. तळ्यावरच्या तरी कुठे रुजलेल्या असतात?

आणि ओरिन, रस्त्यानं ये.

आजी